मांडवा ते मुरूड-जंजिरा: सायकलने आणि पायी, किल्ले-लेणी-शिलालेख बघत (नियोजनाचा धागा)

पाणंद

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये चौघांचा बेत आहे. मुंबईहून बोटीने मांडवा, पुढे अलिबाग, आक्षी, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड आणि शेवट राजपुरी. हातात तीन दिवस, ओढून ताणून चार. सायकली अशा: दोन हायब्रिड (७०० × ३५), एक २६ इंची एमटीबी (डोंगरी सायकल) आणि एक रोड बाईक, २८ मिमी टायरची. रोज पन्नास किलोमीटर सगळ्यांना जमतं, पण घाई करायची नाही. किल्ले नीट बघायचे आहेत, नुसते फोटो काढून निघायचं नाही.

विचारायचं ते असं: अलिबागसमोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायची वेळ कशी ठरवायची? सायकली कुठे ठेवायच्या? रोड बाईक चालेल का? आणि मुरूडहून परत यायचं कसं?

तिथीवाला

पाणंद, आधी तिथी ठरवा, तारीख मग. या पट्ट्यात किलोमीटर फार नाहीत. मांडवा ते अलिबाग वीसएक, अलिबाग ते रेवदंडा सतरा-अठरा, आणि अलिबागपासून मुरूड एकूण पन्नासच्या आसपास. अंतर अडवत नाही, पाणी अडवतं.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. त्यात सहा तास मिळवा, की सकाळी आणि रात्री नऊला ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, त्यामुळे या हिशेबाने दिवस निवडायचा आणि तास मात्र भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून पक्का करायचा.

दुसरी गोष्ट वेळेपेक्षा महत्त्वाची आहे. नुसती ओहोटी असून भागत नाही, ती खोल हवी. अष्टमीच्या आसपास भांग असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि तक्त्यात ओहोटीचा आकडा दीड मीटरच्या वरच राहतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, तो मीटरच्या खाली येतो. कुलाब्याची वाट कोरडी हवी असेल तर हे दिवस धरा. शिवाय एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, मीटरभराचा फरक पडू शकतो. आकडा बघा.

आता मुंबईकरांची अडचण. सकाळच्या बोटीने निघून तुम्ही अकरा-साडेअकराला अलिबागेत पोचाल. दुपारी बारा-एकची ओहोटी कधी मिळते? भरती सहा-सातला असते तेव्हा, म्हणजे अष्टमी-नवमीला. म्हणजे नेमकी भांग! म्हणून दोनच मार्ग उरतात:

एक, त्रयोदशीला निघा. भरती पावणेदहाला, ओहोटी पावणेचारला. दुपारी कुलाबा बघून उजेडात परत. तिसरा दिवस पौर्णिमा किंवा अमावास्येचा येतो, भरती अकरा-साडेअकराला, आणि राजपुरीहून जंजिऱ्याला जायला ती वेळ चांगली.

दोन, प्रतिपदा-द्वितीयेला दुपारी पोचा, अलिबागेत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी, तृतीयेच्या आसपास, सकाळी आठ-साडेआठच्या ओहोटीला किल्ल्यात जा. ऊन कमी, गर्दी कमी. चार दिवस असतील तर हाच मार्ग घ्या.

जांभ्याची_वाट

तिथीवाल्यांना दुजोरा. कुलाब्याबद्दल थोडं अजून. ओहोटीच्या वेळेआधी तासभर वाळूत उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्याला लागा. लोक अडकतात ते असं: आत जाताना पाण्याने फक्त तळवा भिजला म्हणून निर्धास्त होतात आणि दोन तास रमतात. पाणी समोरून चढत नाही. ते दोन्ही बाजूंच्या खोलगट चरांतून आधी आत शिरतं, त्यामुळे किल्ल्याच्या दारातून वाट कोरडी दिसत असतानाच मधला चर भरलेला असतो. घोडागाडीवाले परतायला लागले की तुम्हीही निघा.

पायात काहीतरी हवंच. किल्ल्याभोवतीच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी कापते. अनवाणी जाऊ नका. सायकलचे क्लीटवाले बूटही नकोत, शेवाळावर धातूची पट्टी सरकते. रबरी तळाच्या पट्टेवाल्या सँडल सगळ्यात बऱ्या.

सायकल घेऊन वाळूतून किल्ल्यापर्यंत जाता येतं का, असं बरेच जण विचारतात. ओली वाळू घट्ट असते, चाकं चालतात, हे खरं. पण खारं पाणी हबमध्ये आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलच्या आसाच्या बेअरिंगमध्ये) गेलं की आठवड्यात बेअरिंगचा आवाज सुरू होतो. सायकली मुक्कामाच्या जागी ठेवा. समुद्रकिनारा गावाला लागूनच आहे, चालत जा.

पाणंद

तिथीवाला, डिसेंबरचं पंचांग काढून बसलो आहे. त्रयोदशीचा मार्ग आमच्या सुटीत बसतोय. कुलाब्यात नेमकं काय बघायचं? दोन तासच मिळतील असं दिसतंय.

चुना_आणि_चिरा

दोन तास पुरतात, क्रम नीट लावला तर.

बाहेरच थांबा आधी. तटाचे खालचे थर बघा. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. हे चित्र डोक्यात ठेवा, मुरूडला पद्मदुर्ग दिसेल तेव्हा उपयोगी पडेल. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं.

आत गेल्यावर उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या दोन तोफा. त्यांवर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. तिरप्या उन्हात अक्षरं वाचता येतात, दुपारी चारनंतर बरी. मग सिद्धिविनायकाचं मंदिर, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. मंदिराजवळचा तलाव आणि गोड्या पाण्याची विहीर. शेवटी सर्जेकोट: मुख्य किल्ल्याच्या उत्तरेला, मधे दगडी बांध. बांध फक्त ओहोटीलाच उघडा पडतो, म्हणून खरं तर आत शिरताच आधी तिकडे जा आणि मग बाकीचं बघा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, सुटे पैसे ठेवा.

गावात वेळ उरला तर हिराकोट (कान्होजींनी १७२० मध्ये बांधलेला) आणि छत्रीबागेतली आंग्र्यांची समाधिस्थळं. चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच दिसते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या, मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी इथे हलवली गेली, १९०४ मध्ये. हा किनारा तेव्हा विजेपासून पुरेसा दूर होता.

खाडीपलीकडे

बोटीबद्दल लिहितो. सायकलींसाठी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (मोटारीही चढवून नेणारी बोट) सगळ्यात सोयीची. गाड्यांच्या डेकवर सायकल ढकलत न्यायची, सायकलचं वेगळं तिकीट असतं, प्रवास साधारण तासाभराचा. सायकल बाजूच्या कठड्याला बंजी दोरीने बांधा आणि मागचा ब्रेक रबरबँडने दाबून ठेवा. बोट हलली की स्टँडवरची सायकल आडवी होते आणि गिअरच्या बाजूला पडली तर डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकतो.

गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर सायकल घेणं खलाशांच्या मर्जीवर, आणि शनिवार-रविवारी मर्जी नसते. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाकडी लाँच स्वस्त आहे, सायकल टपावर चढवतात. पण रेवसला गाळ फार, ओहोटीला लाँच धक्क्याला लागायला अडचण होते. तुमच्या त्रयोदशीला भरती पावणेदहाला आहे, त्यामुळे सकाळची लाँच धकेल. तरी चार सायकली म्हटल्यावर रो-रोच घ्या.

मांडव्याहून अलिबागला चोंढीवरून मुख्य रस्ता आहे, त्यावर शनिवारी सकाळी मोटारींची रांग लागते. शक्यतो मंगळ ते गुरुवार निघा. पंचांग आणि वार दोन्ही जुळले तर सोन्याहून पिवळं.

वाटेत नवगावला बेने इस्रायली समाजाचं जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे. जहाज फुटून या किनाऱ्याला लागलेले आपले पूर्वज इथे पुरले, अशी त्यांची परंपरा सांगते. अलिबागेत इस्राएल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग आहे. शनिवारी त्यांचा शब्बाथ, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नका.

थळहून खांदेरीला मच्छीमारांच्या होड्या जातात. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघांचा विरोध असताना बेट बांधायला घेतलं. सिद्दीने लगेच शेजारचं उंदेरी धरलं. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये खांदेरी आहे. पण त्याला अर्धा दिवस द्यावा लागतो, तीन दिवसांच्या बेतात कोंबू नका.

सुटे_भाग

आता सायकलींकडे. रोड बाईक २८ मिमीवर चालेल, पण दोन अटी. किल्ल्यांकडे जाणारे फाटे तिने करायचे नाहीत, आणि टायरमध्ये हवा ठासून भरायची नाही. ६५ ते ७० किलोचा माणूस असेल तर २८ मिमीला ७०-७५ पीएसआय पुरे. ३५ मिमीला ५०-५५. एमटीबीला ३५-४०. त्याहून जास्त भरली की जांभ्याच्या खडबडीत वाटेवर चाक उडतं आणि थकवा दुप्पट. पण कमीही करू नका, खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून दोन समांतर भोकं पडतात.

ट्यूब: प्रत्येक मापाची एक तरी जवळ हवीच. वाटेवरच्या गावांतल्या सायकल दुकानांत २६ इंची आणि जुन्या काळ्या सायकलीच्या २८ × १ १/२ ट्यूब मिळतात, ७०० ची मिळेलच असं नाही. २८ × १ १/२ चं रिम ६३५ मिमीचं, ७०० चं ६२२ चं. ट्यूब अगदीच नाइलाज झाला तर आत दुमडून बसते, टायर मात्र बसत नाही. प्रेस्टा (बारीक, लांब) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर दोन ठेवा. पेट्रोल पंपावरची हवा मोटारीच्या व्हॉल्व्हलाच भरते. अडॅप्टर हा या सहलीतला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात आधी हरवणारा भाग.

पंक्चर इथे काचेने कमी आणि काट्याने जास्त होतं. कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या रस्त्याला येतात. काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसवतो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट नाही, कापडाचा बोळा फिरवा. अडकला की काटा तिथेच.

खारं वारं: रोज संध्याकाळी साखळी कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं थांबा, मग बाहेरचं तेल पूर्ण पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं आणि साखळीची कानस होते. धुवायची वेळ आली तर मगाने गोडं पाणी ओता, गाड्या धुतात तो पाण्याचा फवारा बेअरिंगवर मारू नका. डिस्क ब्रेकच्या तबकडीवर सकाळी तांबूस थर दिसला तर घाबरू नका, चार-पाच वेळा ब्रेक दाबला की जातो. तिथे तेल मात्र चुकूनही लावू नका. रिम ब्रेक असेल तर पॅडमध्ये रुतलेले लाल मातीचे कण सुईने काढा, नाहीतर रिमवर खोल रेघा पडतात.

पाणंद

@सुटे_भाग, हे सगळं लिहून घेतलं. रोड बाईकवाल्याला ३२ मिमी टायर बसतात का, विचारतो.

दुसऱ्या दिवसाचं सांगा कुणीतरी. अलिबागहून निघून मुरूडला संध्याकाळी पोचायचं, असं धरलं आहे.

चुना_आणि_चिरा

नका धरू. अलिबाग ते मुरूड एका दिवसात सहज होतं, पण मग चौल-रेवदंडा-कोर्लई नुसतं ओलांडणं होतं. दुसरा मुक्काम काशीदला करा, म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी मुरूडला वीसएक किलोमीटरच उरतात. जंजिऱ्याची साडेअकराची भरती धरायला सकाळी साडेसहाला निघालात तरी पुरे.

दुसऱ्या दिवसाचा क्रम मी असा लावेन.

अलिबाग सोडल्यावर पुलापलीकडे आक्षी. तिथला शिलालेख चुकवू नका. वर चंद्र-सूर्य, खाली अक्षरं, 'जगीं सुख नांदो' अशा अर्थाचा आरंभ. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याचं वाचन मानलं जातं आणि त्यावरून तो मराठीतला सर्वांत जुना ज्ञात लेख ठरतो. काही अभ्यासक हा शक वेगळा वाचतात, तो वाद अजून मिटलेला नाही. लेखावर पाणी ओतून किंवा खडू घासून अक्षरं उठवू नका, दगड खरवडला जातो. बॅटरी बाजूने आडवी धरली की सावलीने अक्षरं उठून दिसतात, आरसा असेल तर ऊनही तसंच पाडता येतं.

नागाव ओलांडून चौल. हे बंदर फार जुनं: टॉलेमीच्या आणि 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेच्या ग्रीक नोंदींत 'सिमुल्ला', 'सेमुल्ला', अरब प्रवासी अल-मसुदीच्या लेखनात 'सैमूर'. रशियन व्यापारी निकितिन पंधराव्या शतकात हिंदुस्थानात उतरला तो इथेच. पण चौलमध्ये एका जागी उभं राहून बघण्यासारखं काही नाही, सगळं वाड्यांत विखुरलेलं आहे. रामेश्वराचं मंदिर आणि पुष्करणी (सभामंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड अशी झाकलेली कुंडं आहेत), मग हिंगलाजची टेकडी, जिच्या पोटात बौद्ध लेणी आहेत, आणि जवळच दत्ताचा डोंगर, शेकडो पायऱ्यांचा. दोन्हीकडे सायकल पायथ्याला लावून चालायचं. दोन्ही करायचे झाल्यास दोन तास. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दत्तजयंतीला इथे मोठी यात्रा भरते. पाणंद, तुमची त्रयोदशी मार्गशीर्ष शुद्धातली असेल तर हे ध्यानात घ्या. त्या दिवसांत चौलचा रस्ता सायकल हातात घेऊनच पार करावा लागतो आणि मुक्कामाच्या जागा मिळत नाहीत.

मग रेवदंडा. रस्ता थेट पोर्तुगीज तटातून आत शिरतो. इथे १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही १५१६ मध्ये त्यांनी वखार टाकली आणि पुढे किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाचा वेढा त्यांनी इथे झेलला. १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्यात चर्च, मठ, सातखणी मनोरा असे अवशेष उभे आहेत. मनोरा पडझडीचा आहे, पायथ्याशी रेंगाळू नका.

जांभ्याची_वाट

रेवदंड्याच्या वाड्या खासगी आहेत. बेड्यातून (वाडीच्या फाटकातून) आत शिरण्याआधी हाक मारा, विचारा. लोक नाही म्हणत नाहीत. तटावरून फिरताना गवतात उघडी टाकी आणि खचलेले झरोके असतात. काठीने पुढचं गवत चाचपत चाला. सायकल माडाखाली लावू नका. झावळी पडली तरी स्पोक मोडतात, नारळाचं तर सोडाच.

समुद्राच्या बाजूने तटाची पूर्ण लांबी वाळूवरून चालता येते, ओहोटीला. तुमच्या दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, ओहोटी साडेचारला आहे. त्या वेळी तुम्ही कोर्लईत असायला हवं, त्यामुळे तटाची चाल अर्धीच होईल. खंत करू नका, कोर्लई जास्त मोलाचं आहे.

खाडीपलीकडे

रेवदंड्याहून साळाव पूल. कुंडलिकेवरचा हा पूल अरुंद आणि पलीकडच्या कारखान्यामुळे अवजड गाड्या चालू असतात. पुलाच्या सांध्यातल्या फटी काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर २८ मिमीचं चाक अडकतं. एकामागे एक चला आणि मधे फोटोला थांबू नका.

साळावनंतर वाहतूक एकदम कमी होते. कोर्लईला मुख्य रस्ता सोडून उजवीकडे गावात शिरायचं. कोळीवाड्यातली गल्ली एका गाडीपुरती आहे, सकाळ-संध्याकाळ मासळी वाळत टाकलेली असते. तिच्यावरून चाक नेऊ नका, उतरून चाला. गाव संपलं की डोंगराच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत वाट जाते. सायकली दीपगृहाच्या आवाराजवळ लावून वरच्या पायऱ्या धरा.

चुना_आणि_चिरा

कोर्लई म्हणजे समुद्रात घुसलेली उंच, अरुंद सोंड. निजामशहाने रेवदंड्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला १५९४ मध्ये इथे बांधकाम सुरू केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तुगीजांनी ते हल्ला करून घेतलं. वर उभे राहिलात की कारण समजतं: कुंडलिकेचं मुख पायाखाली, रेवदंड्याचा तट समोर. ज्याच्याकडे सोंड, त्याच्याकडे खाडी. म्हणूनच हे दोन किल्ले एकाच दिवशी बघायचे.

दीपगृहाकडून चढलात तर मधल्या भागात पोचता. बहुतेक लोक चर्चचा सांगाडा बघून उतरतात. तसं करू नका. किल्ला आडव्या भिंतींनी आणि दरवाजांनी तुकड्या-तुकड्यांत विभागलेला आहे, म्हणजे एक भाग पडला तरी पुढचा लढेल. उत्तरेच्या टोकापर्यंत दरवाजामागून दरवाजा ओलांडत जा. अगदी खाली, पाण्याच्या पातळीला क्रूसाची बातेरी (तोफांचा मोर्चा) आहे. तोफा, चिन्हांकित शिळा, पाण्याचं टाकं वाटेत लागतात. मग उलट दक्षिणेला माचीवरून या. सगळं मिळून अडीच तास. सावली जवळपास नाही. माणशी दोन लिटर पाणी, आणि साडेतीनच्या आत चढायला सुरुवात, म्हणजे सहाला काशीदच्या वाटेला लागाल. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. दिवे लावूनच निघा.

कोर्लई गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली वेगळी बोली अजून बोलली जाते. त्यासाठी कुणाच्या दारात मोबाईल धरून उभे राहू नका, एवढंच सांगणं.

तिथीवाला

वाऱ्याचंही धरा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद वारा, दुपारी एक-दोननंतर समुद्राकडून वायव्येचा. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना तो पाठीशी-बाजूने येतो. उलट दिशेने, मुरूडहून अलिबागला, संध्याकाळचे शेवटचे पंधरा किलोमीटर जड जातात. म्हणून मांडव्याकडून सुरुवात केलीत ते योग्यच.

राजपुरी_धक्का

तिसरा दिवस मी लिहितो.

काशीद ते मुरूड छोटे चढ-उतार बरेच. कुठलाही चढ लांब नाही, पण वळणं आंधळी आहेत आणि मुंबईच्या गाड्या मधली रेघ सोडून कापतात. उतारावर ताशी तीसच्या खाली राहा. डाव्या हाताला फणसाड अभयारण्याची झाडी, पूर्वीचं मुरूडच्या नवाबांचं शिकारीचं रान. मुरूडच्या अलीकडे डोंगरावर नवाबांचा राजवाडा दिसतो, तो खासगी आहे. रस्त्यावरूनच बघा.

मुरूडला सामान आणि सायकली मुक्कामाच्या जागी किंवा जेवणार तिथे ठेवा. राजपुरी पाच किलोमीटर. धक्क्यावर सायकल सांभाळणारं कुणी नसतं. चौघे आहात, तर दोघे आधी, दोघे नंतर असंही करता येईल, पण त्यात भरतीची वेळ निघून जाते. रिक्षाने धक्क्यावर गेलेलं बरं.

शिडाच्या होडीने वीस मिनिटांच्या आसपास लागतात. भरतीला होडी दाराच्या पायऱ्यांना नीट लागते. ओहोटीला खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, तिथे घसरून गुडघे फुटतात. होडी वर उचलली जाते त्या क्षणी पाय टाका, खाली जाताना नाही. कॅमेरा गळ्यात, दोन्ही हात मोकळे. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळात होड्या थांबतात. पावसाळ्यात बंदच.

होडीवाले साधारण पाऊण तास देतात. तेवढ्यात पूर्ण तट होत नाही. निघायच्या आधीच बोलून ठेवा की पुढच्या होडीने येऊ, बहुतेक ऐकतात. दारावरचं शिल्प आत शिरण्याआधी बघा: पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेलं श्वापद. मग कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे दोन तलाव, सुरूलखानाच्या वाड्याचा उंच सांगाडा आणि पश्चिमेचा दर्या दरवाजा. सिद्दींचं हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकलं.

परतल्यावर राजपुरीजवळ खोकरीचे घुमट. सिद्दी सुरूलखान, खैरियतखान आणि याकूतखान यांच्या दगडी कबरी, जाळीकाम बघण्यासारखं. जंजिरा करून लोक थेट मुरूडला पळतात, त्यामुळे इथे शांतता असते.

चुना_आणि_चिरा

मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर पद्मदुर्ग दिसतो, जंजिऱ्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी बांधलेला. तिकडे होडी नेहमीची नाही, परवानगी आणि समुद्राची स्थिती दोन्ही लागतात, कोळी बांधवांकडे आदल्या दिवशी विचारा. गेलात तर तटाच्या भिंतीला हात लावून बघा. खाऱ्या वाऱ्याने चिरे झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधला चुना शाबूत, बोटभर पुढे आलेला. दगड गेला, दर्जा (सांध्यातला चुना) राहिल्या. कुलाब्याला चुन्याशिवाय रचलेले थर बघितलेत, त्याच्याशेजारी हे ठेवा. एकाच समुद्राला एकाच काळातल्या गवंड्यांनी दिलेली ही दोन उत्तरं आहेत, आणि या सगळ्या वाटेवर मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पाणंद

हे वाचून चौथा दिवस काढायचं ठरलं. चौथ्या दिवशी काय करावं आणि परतीचं कसं?

खाडीपलीकडे

चौथा दिवस कुडा लेण्यांना द्या. मुरूडहून आत, राजपुरी खाडीच्या काठाकाठाने तळा-मांदाडच्या दिशेने, पंचवीसएक किलोमीटर. सव्वीस बौद्ध लेणी, खाडीच्या वर डोंगरात. महाभोज ही पदवी लावणाऱ्या मांदवांच्या स्थानिक घराण्याचे लेख आहेत, आणि दान देणाऱ्यांत वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारीही आहेत. चौल बघून आलात की हे बंदरांचं जाळं डोळ्यांसमोर येतं. लेण्यांखाली दुकान नाही, पाणी आणि खाणं मुरूडहूनच घ्या.

तिथून परत मुरूडला न येता तसेच पूर्वेला इंदापूर-माणगावकडे निघा, कोकण रेल्वे लागते. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनकडे जाणाऱ्या पॅसेंजरला सायकल न्यायची तर सामानाच्या डब्यात, पार्सल नोंदवून. छोट्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, चार सायकली चढत नाहीत, म्हणून रोह्यासारख्या मोठ्या स्टेशनवर आदल्या दिवशी फोनवरून पार्सलची सोय विचारा. मुरूडहून एसटीचा पर्यायही आहे, पण नव्या गाड्यांना टपावर शिडी नाही. कंडक्टर घ्यायला तयार असला तरी चाकं काढून मागच्या सीटमागे दोनच सायकली मावतात. चौघांनी दोन गाड्यांत विभागून जायचं.

सुटे_भाग

रेल्वेत किंवा एसटीत टाकण्याआधी चाकं काढलीत की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी घाला. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर हायड्रॉलिकचे पॅड चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पेडल उलट-सुलट आट्यांचे असतात: उजवं पेडल डावीकडे फिरवून सुटतं, डावं उजवीकडे. १५ मिमीचा पाना घ्या, काहींना मागून ६ किंवा ८ मिमीची अॅलन की लागते. निघण्याआधी घरीच एकदा सैल करून, ग्रीस लावून परत घट्ट करा, नाहीतर खाऱ्या हवेत चार दिवसांनी ती जाम झालेली सापडतील.

तिथीवाला

पाणंद, चौथा दिवस मिळाला असेल तर मग त्रयोदशीचा हट्ट सोडा. द्वितीयेला दुपारी अलिबाग, तृतीयेला सकाळी आठला कुलाबा आणि मग आक्षी-चौल-रेवदंडा. रेवदंड्यालाच मुक्काम. चतुर्थीला सकाळी उन्हाआधी कोर्लई, नऊची ओहोटी असल्यामुळे उत्तरेच्या बातेरीखालचे खडकही उघडे दिसतील, दुपारी काशीदवरून मुरूड. पंचमीला भरती पावणेचारला, त्यामुळे जंजिरा दुपारी दोननंतर आणि खोकरीचे घुमट सकाळी. कुडा करायचं असेल तर षष्ठीला परतीच्या वाटेवर. तो पाचवा दिवस होतो, तेव्हा कुडा किंवा मांडव्याची सावकाश सुरुवात, दोन्हींतलं एक निवडा. तक्त्यातले आकडे मिळाले की इथे टाका, तास पक्के करून देतो.